पायाखालची ती

पायाखालची जमीन सरकली की माणसं घाबरतात. आमचे साडूभाऊ ती सरकली नाही तर घाबरतात. हे विधान मी पूर्ण विचार करून करतो आहे. मी दुधाच्या खोक्यावरची तारीख दोनदा वाचणारा माणूस आहे, आणि अतिशयोक्तीची मला मनापासून चीड आहे. पण साडूभाऊंच्या बाबतीत माझा नाइलाज होतो. अतिशयोक्ती त्यांनी स्वतःच जगून ठेवलेली आहे, मला ती फक्त उतरवून घ्यायची आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात, मी त्यांना 'साडूभाऊ' म्हणतो, आणि दोघं एकदम बोलायला लागलो की कोण कोणाला हाक मारतोय ते आमच्या बायकांनाही कळत नाही. माणूस मालवणकडचा, पेशाने मरीन इंजिनिअर. अर्धं आयुष्य जहाजाच्या पोटात, इंजिन-रूममध्ये गेलं. मग सिंगापूरच्या बंदरात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि हौगांगला आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये त्यांनी फ्लॅट घेतला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या मजल्याचा कॉरिडॉर दिसतो. रोज सकाळी ते तिथे उभे राहून उजवा पाय जोरात आपटायचे आणि मग मान वाकडी करून कशाची तरी वाट बघायचे. पहिले काही महिने मी तो व्यायाम समजत होतो. एकदा विचारलं, तर म्हणाले की दलदलीच्या जंगलात इथे पाय आपटला की तिथलं झाड हलतं. मी म्हटलं, साडूभाऊ, आपण दहाव्या मजल्यावर आहोत. त्यांनी ते मान्य केलं. "सवय आहे हो," म्हणाले, "आणि न आपटता कळणार कसं?"

हा प्रकार कॉरिडॉरपुरता राहिला असता तर ठीक होतं. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाशी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, लिफ्टसमोर, मार्केटमध्ये मासळीच्या रांगेत, जिथे थांबतील तिथे छत्रीच्या टोकाने जमीन ठोकायची आणि ऐकायचं. शेजारच्या चिनी म्हाताऱ्यांनी त्यांना फेंगशुईचा जाणकार ठरवून टाकलं. एका आंटीने त्यांना गाठून विचारलं की माझ्या मुलाचं लग्न जमत नाही, घरात काही दोष आहे का. साडूभाऊंनी प्रामाणिकपणे तिच्या पायाखाली ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "आंटी, या शहरात बऱ्याच ठिकाणी खाली जुना चिखल आहे. फार जुना. मेलेला नाही, झोपलाय." दुसऱ्या दिवशी त्या आंटीने नेमक्या त्याच जागी उदबत्त्या लावल्या आणि दोन संत्री ठेवली. आम्ही बाकीचे तिथून जाताना नकळत पाय हलके टाकायला लागलो. मी स्वतः टाकत होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत तर त्यांच्याबरोबर जाण्याची सोय नव्हती. रविवारी संध्याकाळी लोक सायकली चालवतायत, काडीवर भाजलेलं साते खातायत, आणि आमचे साडूभाऊ गवतावर पालथे पडून जमिनीला कान लावून आहेत. एक धावणारी बाई घाबरून थांबली आणि त्यांची नाडी बघायला लागली. साडूभाऊंनी डोळे न उघडता तिला गप्प राहण्याची खूण केली. शेवटी उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "ही सगळी समुद्रात आणून टाकलेली वाळू. मुकी आहे. हिच्यावर मला झोप नसती लागली." एवढ्या मोठ्या बागेत दिवे लागत होते, मुलं ओरडत होती, आणि मला उगीचच वाटलं की आपण कोणाच्या तरी मिटलेल्या तोंडावर उभे आहोत.

त्यांच्या घरात टीव्हीच्या शेजारी, गणपतीच्या डाव्या हाताला, काचेची एक मोठी बरणी होती. लोणच्याची. आत काळं, लगद्यासारखं काहीतरी आणि वर बोटभर पाणी. ते पीट. मराठीत याला शब्द नाही, म्हणून मला सविस्तर सांगावं लागतंय. झाडाचं पान पाण्यात पडतं, फांदी पडते, खोड पडतं. पाणी इतकं आंबट आणि श्वास कोंडणारं की ते पूर्ण कुजतच नाही. त्यावर पुढचं पान पडतं. असं हजारो वर्षं. मग जे साचतं ते पीट: धड माती नाही, धड लाकूड नाही, मेलंय म्हणावं तर पुरतं मेलेलं नाही. त्या बरणीत काचेला चिकटलेलं एक अख्खं पान होतं, शिरान् शीर दिसणारं. साडूभाऊ पाहुण्यांना चहाच्या आधी ते पान दाखवत. हे पडलं तेव्हा त्या झाडाखाली कोणी उभं होतं का, हे कोणी सांगू शकणार नाही, असं म्हणत. दिवेलागणीला बरणीच्या तळातून एखादा बुडबुडा निघायचा, काळ्यातून वाट काढत सावकाश वर यायचा आणि फुटायचा. माझी मुलगी तेव्हा प्रायमरीत होती. ती म्हणाली, "काका, इट्स ब्रीदिंग, लाह." साडूभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला आइस्क्रीमला नेलं. ती त्यांच्याकडे पुन्हा कधी बरणीसमोर बसली नाही. पाठ करूनही बसली नाही. बाजूने बसायची, डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवून.

पलीकडे, सुमात्राच्या किनाऱ्याला, अशा पीटची बेटंच्या बेटं आहेत. साडूभाऊ दर महिन्या-दोन महिन्यांनी फेरीबोट पकडून तिकडे जायचे आणि येताना काहीबाही आणायचे. एकदा तिथल्या सागूच्या झाडाचं पीठ आणलं. हाच मूळचा साबुदाणा, आपण खातो तो कंदाचा, नकली, असं भाषण देऊन त्यांनी एकादशीला त्याची खिचडी करायला लावली. ताईंनी (हिच्या बहिणीला मी ताई म्हणतो) दाण्याचं कूट, जिरं, मिरची सगळं व्यवस्थित घातलं. जे तयार झालं त्यात कालथा उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत उभाच होता. साडूभाऊंनी ते कापून खाल्लं.

पण या फेऱ्यांमुळेच घरात वादळ झालं. सिंगापुरातले जे पुरुष फेरीने पलीकडे जातात ते सगळे मासे खायला जात नाहीत, असा इथे एक समज आहे. त्यात ताईंनी साडूभाऊंना त्यांच्या एका जुन्या जहाजी मित्राशी फोनवर बोलताना ऐकलं. "ती खचत चाललीय रे. माझ्यामुळेच. मी गेलो नाही की ती कोरडी पडते. आता तिला असं सोडून नाही देणार मी." ताई तडक आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्ही एकदा जा त्यांच्याबरोबर. आणि मला खरं काय ते सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. नाहीतर मी दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं."

असा मी हेर म्हणून गेलो. फेरी, मग आणखी एक बोट, मग चर खोदून केलेल्या सरळ, काळ्या कालव्यातून होडी. पाणी कोऱ्या चहासारखं आणि इतकं स्थिर की होडी पाण्यावरून चाललीय की आभाळावरून, कळत नव्हतं. होडी वल्हवणारा एक म्हातारा होता, गावचा. तो लवंगेची सिगारेट पेटवायला गेला की साडूभाऊ ती त्याच्या तोंडातून काढून डबीत टाकायचे आणि तो खो-खो हसायचा. दोघांचा हा खेळ दिवसभर चालला. त्या जमिनीवर ठिणगी पडली तर आग वर दिसत नाही, खाली उतरते आणि आतल्या आत चालत राहते, हे मला नंतर कळलं. वर गवत हिरवं असतं. माणूस चालत जातो आणि एका पावलाला खाली निखाऱ्यांचा खड्डा.

साडूभाऊ होडीतून उतरले, वाकले, आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात त्यांनी जमिनीवर ठेवला. "आज ताप नाही," म्हणाले. मी दोन पावलं टाकली आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. आत ऊबदार होतं. दोघांनी मला उपटून काढलं, बूट मात्र राहिला. तो बूट तिथे कुजणार नाही, माझ्यानंतरही कित्येक पिढ्या तसाच राहील, हे साडूभाऊ आजही लोकांना कौतुकाने सांगतात. माझ्या मापाची एवढी एकच वस्तू अमर व्हायची होती.

कालव्याच्या एका अंगाला जंगल होतं: मुळांवर चवड्यांनी उभी राहिल्यासारखी झाडं, आणि त्यांच्यात एकही पक्षी नाही, निदान बोलणारा नाही. दुसऱ्या अंगाला मैलभर जळून काळी झालेली सपाटी. मध्ये एक लोखंडी खांब, माझ्या डोक्याच्या वर गेलेला. त्याच्या वरच्या टोकाजवळ लाल रंगाची खूण. साडूभाऊंनी हात उंच करून त्या खुणेला बोट लावलं. "मी हा रोवला तेव्हा जमीन इथे होती," म्हणाले.

मला आधी वाटलं, ते गंमत करतायत. खांब वर आला नव्हता, जमीन खाली गेली होती. आम्ही दोघं जिथे उभे होतो ती पूर्वी जमिनीच्या आतली, खोलवरची जागा होती. एखाद्याच्या कबरीत उभं राहून त्याच्याशी गप्पा मारल्यासारखं ते होतं.

मग त्यांनी सांगितलं, आणि हे त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं देतो. "एका मळेवाल्या कंपनीला ही निचरून हवी होती. पामतेलाची झाडं लावायला. बंदरात मी पंपांचा माणूस म्हणून माहीत होतो, मला बोलावलं. आमच्याकडे खाजण असतं, साडूभाऊ. खाडीकाठचा चिखल. बांध घालायचा, उघाडी बसवायची, ओहोटीला दार उघडून पाणी सोडायचं, भरतीला लावून घ्यायचं. दोन-चार पावसाळ्यांत भात डोलतो. आमच्या कितीतरी पिढ्यांनी तेच केलं. मी हिला बघितलं आणि म्हटलं, खाजण आहे. माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता."

खाजणातलं पाणी काढलं की खाली माती असते. हिच्यातलं पाणी काढलं तेव्हा खाली काहीच नव्हतं, कारण ती स्वतःच पाण्याने धरून ठेवलेली पानं होती. ती सुकली, आक्रसली, खचली आणि पेटली. कंपनी निघून गेली. गावामागचा जंगलाचा एक पट्टा तेवढा राहिला. त्यातच गावाचे मासे आणि सागू. आणि साडूभाऊ आपणच बसवलेल्या उघाड्या आता फळ्या आणि गोण्या लावून बंद करत फिरत होते, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. आयुष्यभर ज्याने जहाजातलं पाणी उपसलं, तो माणूस ओंजळीने पाणी राखत होता.

परत आल्यावर ताई दारातच होत्या. "कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. काळी आहे. वयाने फार मोठी आहे. आणि तिच्यापासून त्यांना सोडवणं तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही. ताई बराच वेळ माझ्या एका पायातल्या रबरी सपातेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमीन?" आणि मी मान हलवल्यावर त्या सुटकेने हसल्या नाहीत. बाई असती तर भांडता तरी आलं असतं, असं म्हणून आत गेल्या.

मग २०१५ साल आलं. सिंगापूरने धूर पूर्वीही पाहिला होता, पण त्या वर्षी तो आला आणि राहिला. मी खिडक्यांच्या फटींना टेप लावली आणि दर तासाला फोनवर हवेचा आकडा बघू लागलो. साडूभाऊंना आकडा लागत नसे. ते कॉरिडॉरमध्ये येऊन नाक वर करत आणि फोन करून सांगत: हे वरचं गवत, हे मळ्यातलं झाड. एका सकाळी फोनवर थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "हे जुनं आहे." मी विचारलं, जुनं म्हणजे? "आपल्या आधीचं. आपल्या सगळ्यांच्या आधीचं. आता छातीत घेतोय आपण." मी खिडकीकडे गेलो. समोरचा ब्लॉक नव्हता. कॉरिडॉर नव्हता, ते नव्हते. फक्त पिवळट काहीतरी होतं आणि त्याच्यातून त्यांचा खोकला येत होता, फोनमधून आणि बाहेरून, एकाच वेळी.

त्या खोकल्यासाठी त्यांना नोव्हेनाला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. इंजिन-रूमने फुप्फुसं आधीच वापरून ठेवली होती. डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं की घराबाहेर पडायचं नाही. आणि जिथून धूर येतोय तिथे जाणं म्हणजे परत न येण्याची तयारी ठेवणं. आणि त्याच आठवड्यात तिकडच्या म्हाताऱ्याचा फोन आला. तोडलेल्या लाकडांनी भरलेली होडी कालव्यातून बाहेर न्यायला कोणीतरी मोठ्या उघाडीच्या फळ्या काढून टाकल्या होत्या. पट्ट्यातलं पाणी उतरत होतं, आणि आग कालव्याच्या पलीकडच्या सपाटीत, जमिनीखालून, जंगलाच्या दिशेने चालत होती. ती उघाडी नव्याने बसवायची तर तिचा सांगाडा ज्याने बांधला त्यालाच तो कळत होता.

साडूभाऊ पिशवी भरायला लागले. ताईंनी पासपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवला; तो त्यांना लगेच सापडला, कारण जहाजावरचा माणूस आधी डबेच उघडतो. मग ताईंनी तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि माझ्याकडे आणून दिला. "हा परत द्यायचा तो माझ्याच हातात, दुसऱ्या कोणाला नाही," म्हणाल्या. साडूभाऊ दोनदा येऊन बसले. मागितला नाही. माझ्या कपाटाकडे बघत नुसते बसले, चहा घेतला आणि गेले. मी शब्द दिला होता. मला दुसरं काय करता येणार होतं?

हे सगळं पितृपक्षात चाललं होतं. त्याआधीच्या महिन्यात चिनी शेजाऱ्यांनी आपापल्या पितरांसाठी खाली पिंपांमध्ये कागद जाळले होते. त्याची राख उडून गेल्यावर ही दुसरी राख आली. सर्वपित्रीला ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. दुपार होती, पण घरात दिवे लावावे लागले होते. साडूभाऊ पाटावर बसून तर्पण करत होते. वडील, आजोबा, पणजोबा. मग ज्यांची नावं माहीत नाहीत ते. मग ज्यांना कोणीच नाही ते. तिथे ते थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. तांब्या रिकामा झाला, त्यांनी स्वयंपाकघरातून पुन्हा भरून आणला, आणि अंगठ्यावरून तिळाचं पाणी ताम्हनात पडत राहिलं. ताम्हन भरून पाटाखाली ओघळ आला. कोणासाठी चाललंय हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. खिडकीच्या फटीतून ते जुनं आत येतच होतं.

कॉरिडॉरच्या कठड्यावर केळीच्या पानावर कावळ्यासाठी घास ठेवला. वडा, भात, खीर. कावळा येईना. एरवी आमच्या ब्लॉकच्या कचरापेटीवर कावळ्यांची सभा असते, पण त्या धुरात एकही पंख वाजत नव्हता. आम्ही चौघं मास्क लावून दारात उभे. कावळा शिवला नाही की मागे राहिलेल्यांनी गेलेल्याची इच्छा ओळखून मोठ्याने बोलायची, वचन द्यायचं. हे खरं तर दहाव्याला करतात. पण ताईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. "मामंजी, गावच्या घराची कौलं यंदा परतून घेऊ." काही नाही. "सासूबाई, धाकट्या भावजींशी अबोला सोडते मी. आज रात्रीच फोन करते." काही नाही. माझी बायको कुजबुजली की अगं मिरीचं लोणचं राहिलंय का वाढायचं. ते आणून ठेवलं. काही नाही.

साडूभाऊ भिंतीला टेकून खोकत होते. ते हळू म्हणाले, "अगं, कावळ्यालाच दिसत नसेल."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या धुराकडे बघत होत्या, जिथे माझा ब्लॉक असायला हवा होता. मास्क खाली ओढून त्या म्हणाल्या, "जाऊ देईन त्यांना."

पानाच्या टोकाला काहीतरी उतरलं. काळं होतं. वडा उचलला आणि धुरात गेलं. ही म्हणाली कावळाच. इथे साळुंक्याही पुष्कळ आहेत, आणि माझ्या चष्म्यावर वाफ होती. तो कावळा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पितरांच्या पानासमोर बोललेला शब्द ताई मागे घेणाऱ्यातल्या नव्हेत, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. "अगं, तू काय बोललीस?" साडूभाऊ म्हणाले. "बोलले ते बोलले," ताई म्हणाल्या. जेवणं झाल्यावर त्या माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या आणि हात पुढे केला. मी पासपोर्ट दिला. त्यांनी तो आपल्या पर्समध्ये ठेवला, तिथे दुसरा एक आधीच होता. "एकट्याला जाऊ देईन असं कुठे म्हटलंय मी," त्या म्हणाल्या.

ते दोघं गेले. ज्या बाईने दारात चपलेची माती कधी खपवून घेतली नाही, ती छातीभर काळ्या पाण्यात उभी राहून गोण्या पुढे देत होती आणि साडूभाऊ काठावर बसून, दोन वाक्यांमध्ये दम घेत, कोणती फळी कुठे ते सांगत होते, असं मला नंतर कळलं. आग कालव्यापर्यंत आली. पलीकडचं गेलं. अलीकडचा पट्टा ओला होता, तो राहिला. आणि पाऊस आला, पण आम्हाला हवा होता तेव्हा नव्हे. साडूभाऊंना फेरीवरून थेट नोव्हेनाला न्यावं लागलं. ते परत आले, पण पुरते परत आले नाहीत. छातीचा बराचसा भाग तिकडेच राहिला असं डॉक्टरांच्या बोलण्याचं सार होतं. तेव्हापासून ते कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसतात. पाय आपटत नाहीत. जिना सोडाच, लिफ्टपर्यंत जातानाही मध्ये एकदा थांबतात.

तिकडचे कोरड्या वाऱ्याचे, आगीचे महिने आले की आता ताई जातात. पहिल्या वर्षी त्या गेल्या तेव्हा मी साडूभाऊंच्या सोबतीला होतो. संध्याकाळी फोन आला, चित्रासकट. ताईंचा चेहरा, कपाळाला चिखलाचा पट्टा, मागे चवड्यांवर उभी असलेली झाडं. साडूभाऊंनी कसं आहे विचारलं नाही. फोन खाली धर म्हणाले. ताईंनी धरला. आधी काळं पाणी, नुसता काळोखच दिसला. मग त्या काळोखात आभाळ दिसलं, फांद्या दिसल्या, आणि उलट्या टांगल्यासारख्या, आपल्याकडेच वाकून बघणाऱ्या ताई. त्यांचे पाय कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. क्षणभर मला वाटलं की तिने त्यांना ठेवून घेतलंय.

साडूभाऊ कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता फळ्या विचारतील, पाणी कुठवर चढलंय विचारतील. त्यांनी श्वास जमवला.

"पुरे," म्हणाले. "वर ये आता, आणि अंग पुसून कोरडी हो बघू. एवढा वेळ पाण्यात उभं राहतं का कोणी."

पलीकडून पाण्यातून पाऊल निघाल्याचा आवाज आला, आणि त्यामागून दुसरं.